जमशेटजी जीजीभॉय आणि मुंबईची कुत्री

दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. अवघ्या अकरा दिवसांनी मोठ्या खंडपीठाने त्यात बदल केला आणि नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री, ती पिसाळलेली वा आक्रमक नसतील तर, मूळ ठिकाणी परत सोडण्यास सांगितले. त्यापूर्वी नोव्हेंबर २०२३ मध्ये चंडीगड येथील पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने कुत्रा चावलेल्यांना भरपाई देण्याची जबाबदारी दोन्ही राज्यांच्या व चंडीगडच्या प्रशासनावर टाकली होती, आणि दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये असा हिशेबही घालून दिला होता. नागरिकांची भीती खरी आणि मुक्या जिवाचा कळवळाही खरा, अशा या पेचात देशातील अनेक शहरे सापडली आहेत.

हा पेच नवा नाही. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी याच प्रश्नावरून मुंबईत दंगल उसळली होती. त्या दंगलीनंतर सरकार आणि संतप्त रहिवासी यांच्यामध्ये उभे राहणाऱ्यांत, आणि पुढे प्राण्यांच्या आश्रयासाठी स्वतःची थैली सोडणाऱ्यांत, एक नाव ठळक होते. ते म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कला महाविद्यालय यांच्यामुळे हे नाव प्रत्येक मुंबईकराच्या ओठी असते. परंतु त्यातील दोन आद्याक्षरांचा शहरातील कुत्र्यांशी काय संबंध, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ रोजी झाला. घराणे मूळचे गुजरातेतील, वडील कापडाच्या धंद्यातले, आणि घरची स्थिती बेताची. १७९९ मध्ये थोड्याच अंतराने आई व वडील दोघेही निवर्तले आणि सोळा वर्षांच्या जमशेटजींना मुंबईत मामा फ्रामजी नसरवानजी यांच्या आश्रयाला यावे लागले. मामांचा व्यवसाय रिकाम्या बाटल्या विकत घेऊन पुन्हा विकण्याचा होता. त्यावरून त्यांचे आडनावच बाटलीवाला पडले होते. औपचारिक शिक्षण जवळजवळ नाही, इंग्रजी कामापुरते, जमाखर्च मात्र पक्का, एवढ्या भांडवलावर या मुलाने व्यापारात पाऊल टाकले. १८०३ मध्ये मामांची कन्या आवाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

चीनच्या व्यापाराचे ते दिवस होते. जमशेटजींनी एकूण पाच वेळा चीनची सफर केली. त्यांपैकी चौथी सफर त्यांच्या चरित्रातील सर्वांत कठीण प्रसंग ठरली. १८०५ मध्ये ते ब्रन्सविक नावाच्या जहाजावरून निघाले असता श्रीलंकेनजीक फ्रेंच आरमाराने ते जहाज पकडले. त्या काळी इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध सुरू होते. कैद झालेल्या प्रवाशांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला नेऊन सोडण्यात आले. माल गेला, पैसा गेला, अनोळखी मुलुखात अन्नवस्त्राची भ्रांत पडली. तेथून कलकत्त्यामार्गे स्वगृही परतताना त्यांनी जे हाल सोसले, त्यांचा परिणाम त्यांच्या स्वभावावर झाला असावा. याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण डॉक्टर होता. पुढे जार्डिन मॅथेसन या बलाढ्य कंपनीचा तो संस्थापक झाला आणि जमशेटजींचा चीनमधील मुख्य व्यापारी भागीदारही.

१८०७ नंतर जमशेटजींनी समुद्रप्रवास थांबवला आणि मुंबईत बसून कापूस व अफू यांचा व्यापार वाढवला. त्यांच्या पेढीत जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, आणि कोकणी मुसलमान मोहम्मद अली रोगे हे भागीदार होते. पारशी, जैन आणि मुसलमान अशी ही भागीदारी मुंबईच्या तत्कालीन व्यापारी जगाचे नेमके चित्र आहे, आणि पुढील घटनाक्रमात ती कामी आली. वयाची चाळिशी गाठेपर्यंत त्यांची गणना शहरातील सर्वांत धनाढ्य व्यापाऱ्यांत होऊ लागली. १८२२ मध्ये, कर्ज फेडता न आल्याने मुंबईच्या दिवाणी तुरुंगात खितपत पडलेल्या गरिबांची देणी त्यांनी स्वतः चुकती केली. त्यांच्या सार्वजनिक दानधर्माची सुरुवात साधारणपणे येथून मानली जाते.

आता कुत्र्यांकडे वळू. मुंबईच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, त्या काळी वस्ती दाटीची होती. बाजार, खाटिकखाने, उकिरडे आणि त्यांच्या आधाराने जगणारी मोकाट कुत्री हे नेहमीचे दृश्य होते. कुत्रे पिसाळले आणि चावले तर त्यावर जगात कोठेही औषध नव्हते. लुई पाश्चर यांची लस १८८५ मध्ये आली, आणि चंडीगडपासून जवळच असलेल्या कसौली येथे भारतातील पहिली पाश्चर संस्था सुरू व्हायला १९०० साल उजाडावे लागले. त्यामुळे सरकारला वाटणारी धास्ती निराधार होती, असे म्हणता येणार नाही. १८१३ पासूनच उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम मुंबईत लागू होता. लोकांना तो पटत नव्हता, पण सहन होत होता.

१८३२ मध्ये या मोहिमेची मुदत वाढवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे मिळत. तेव्हाच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती, आणि खरी गोम तिच्यातच होती. पिसाळलेले कुत्रे पकडणे जिवावरचे काम. दारात शेपूट हलवत बसलेले पाळीव कुत्रे मात्र सहज हाती लागते. बक्षीस दोन्हींचे सारखेच. शिपाई अंगणांत आणि घरांत शिरून कुत्री ओढून नेऊ लागले, अशा तक्रारी वाढल्या. ज्या रोगासाठी मोहीम काढली तो राहिला बाजूला, आणि आकड्यांसाठी कुत्री मरू लागली.

पारशी समाजाला हे सहन होणे शक्यच नव्हते. झरतुष्ट्री धर्मात कुत्र्याचे स्थान असाधारण आहे. वंदिदाद या धर्मग्रंथात कुत्र्याचे प्रकार, त्याची निगा आणि त्याला इजा करणाऱ्यासाठी शिक्षा यांचा तपशीलवार विचार आलेला आहे. मनुष्याच्या मृत्यूनंतर देहावर कुत्र्याची दृष्टी पडावी, असा सगदीद नावाचा विधी परंपरेने चालत आला आहे. जैनांना कोणत्याही जिवाची हत्या त्याज्य. हिंदूंच्या मनात दत्तात्रेयांच्या पायाशी बसलेली कुत्री आणि युधिष्ठिरासोबत स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा. कारणे वेगवेगळी असली तरी संताप एकच होता.

६ जून १८३२ रोजी कोटात कुत्री पकडणाऱ्या शिपायांवर पारशांच्या जमावाने हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि काही मुसलमान व्यापारीही बंदात उतरले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवण्यात आली. पाव, मांस आणि पाणी गोऱ्या सैनिकांपर्यंत पोहोचू दिले गेले नाही. खाद्यपदार्थ रस्त्यावर फेकले गेले. अखेर सरकारने जमावबंदीचा कायदा पुकारून लष्कर उतरवले, धरपकड झाली, खटले चालले, शिक्षाही झाल्या. इंग्रज अंमलातील मुंबईने एवढा मोठा बंद त्यापूर्वी क्वचितच पाहिला असेल. इतिहासात ही घटना कुत्र्यांची दंगल या काहीशा गमतीदार नावाने नोंदली गेली आहे. तुरुंगात गेलेल्यांना मात्र तीत गंमत वाटण्यासारखे काही नव्हते.

जमशेटजी आणि त्यांच्या बरोबरीचे शेठिये यांची स्थिती अवघड झाली. व्यापारासाठी त्यांना सरकारची मर्जी हवी होती आणि समाजात वावरण्यासाठी पारशी जनतेचा विश्वास. हाणामारीचे समर्थन करावे तर राजद्रोहाचा ठपका, गप्प बसावे तर धर्माशी प्रतारणा. त्यांनी अर्ज-विनंतीचा मार्ग पत्करला. शहरातील प्रतिष्ठित नागरिकांच्या वतीने सरकारकडे अर्ज गेला आणि त्यात जमशेटजींचा पुढाकार होता. अर्जात दंग्याचे समर्थन नव्हते. कुत्री मारण्याऐवजी पकडून शहराबाहेर न्यावीत, असा व्यवहार्य पर्याय मात्र सुचवला होता. सरकारने तो मान्य केला. कोणाचीही नामुष्की होऊ न देता तोडगा काढण्याचे हे कौशल्य व्यापारी जमशेटजींना चांगले साधलेले होते.

पण शहराबाहेर म्हणजे कोठे? कुत्री नेऊन सोडली तरी ती परत येणार, किंवा जेथे सोडली तेथे उपाशी मरणार. आज चंडीगडपासून चेन्नईपर्यंत जखमी कुत्री उचलून आणणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला हा प्रश्न पाठ असतो. जीव वाचवणे एका दिवसाचे काम आहे, तो पोसणे वर्षानुवर्षांचे. त्यासाठी जागा लागते, माणसे लागतात आणि न आटणारा पैसा लागतो.

या प्रश्नाचे उत्तर १८ ऑक्टोबर १८३४ रोजी स्थापन झालेल्या मुंबईच्या पांजरपोळाने दिले. जमशेटजी आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली. कल्पना सर्वस्वी नवीन नव्हती. गुजरातेत पांजरपोळांची परंपरा जुनी होती. सुरतेतील प्राण्यांच्या इस्पितळाचे वर्णन सतराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांनी करून ठेवले आहे. जमशेटजी आणि मोतीशा हे दोघेही त्याच सांस्कृतिक मुलुखाशी बांधलेले होते. सरकारी कचाट्यातून सुटलेली कुत्री, डुकरे, म्हातारी गुरे, लंगडे घोडे आणि पक्षी यांना शहराच्या भरवस्तीत, भुलेश्वर परिसरात, आसरा मिळाला.

संस्था टिकली ती मात्र तिच्या हिशेबामुळे. एखाद्या धनिकाने एकदा मोठी रक्कम द्यावी आणि ती संपली की कुलूप लागावे, असे अनेक धर्मादाय कामांचे होते. पांजरपोळासाठी व्यापाऱ्यांनी लागा स्वीकारला. व्यापाराच्या मालावर त्यांनी स्वखुशीने बसवून घेतलेला हा एक लहानसा कर होता. कापसाच्या उलाढालीतून थोडे आणे धर्मादायाकडे वळत. एकेका व्यवहारात ते कोणाला जाणवत नसत, पण वर्षभरात जमणारी रक्कम चाऱ्याला आणि नोकरांच्या पगाराला पुरे. मुंबईचा व्यापार वाढत होता, तसा हा झराही वाढत गेला. दानशूरपणाची वर्णने आपल्याकडे पुष्कळ होतात. दानाला नियमित उत्पन्नाची जोड देणाऱ्या या व्यवस्थेकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे.

स्थापनेनंतर दोनच वर्षांत, १८३६ मध्ये, मोतीशा शेठ यांचे निधन झाले. जमशेटजींच्या दृष्टीने हा व्यापारातील आणि परोपकारातील सहकाऱ्याचा वियोग होता. पांजरपोळाच्या अडचणीही कमी नव्हत्या. आलेला प्राणी सहसा परत जात नाही, त्यामुळे गर्दी वाढतच राहते. त्या काळी पशुवैद्यकीचे ज्ञान तुटपुंजे होते. खरूज लागलेली, एकमेकांवर भुंकणारी, आजारी कुत्री एकत्र कोंडलेली पाहून अनेक युरोपीय पाहुण्यांनी नाके मुरडली. मरणासन्न प्राण्याला यातनांतून सोडवायचे नाही, मात्र त्याचे दुःख कमी करण्याची साधनेही नाहीत, हा त्यांचा आक्षेप होता. तो सर्वस्वी खोटा नव्हता. अशा संस्थांवर टीका करणाऱ्यांत पुढे जॉन लॉकवुड किपलिंग यांचाही समावेश झाला. विशेष म्हणजे, लाहोरला जाण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे ते जमशेटजींच्याच देणगीतून उभ्या राहिलेल्या मुंबईच्या कलाशाळेत शिकवत होते.

प्राण्यांविषयीची जमशेटजींची आस्था कुत्र्यांपुरती थांबली नाही. १८३८ मध्ये सरकारने कोटाबाहेरील मैदानात गुरे चारण्यावर शुल्क बसवले. गरीब गवळ्यांना ते परवडण्यासारखे नव्हते. काहींनी चोरून गुरे सोडली, तर ती जप्त होऊ लागली. जमशेटजींनी सुमारे २० हजार रुपये खर्चून ठाकुरद्वारानजीक समुद्राकाठची कुरणे विकत घेतली आणि तेथे गुरांना विनामूल्य चरण्याची मुभा दिली. चर्नी रोड हे नाव या चरणीवरून पडले, असे अनेक जण सांगतात. ठाण्याच्या चेंदणीतून आलेल्या लोकांच्या वस्तीशी ते नाव जोडणारे दुसरेही मत आहे. नावाचे मूळ काहीही असो, कुरणांची गोष्ट खरी आहे.

येथे एका अप्रिय बाबीचा उल्लेख टाळून चालणार नाही. मुक्या प्राण्यांवर आणि गोरगरिबांवर खर्च झालेल्या या संपत्तीचा मोठा भाग अफूच्या व्यापारातून आला होता. माळव्याची अफू मुंबईहून चीनला जात असे आणि तेथील लाखो माणसे तिच्या आहारी गेली होती. तत्कालीन कायद्याने भारतात हा व्यापार वैध होता आणि मुंबईचे बहुतेक मोठे व्यापारी त्यात गुंतलेले होते. चीनमध्ये मात्र त्यावर बंदी होती. १८३९ मध्ये चीनचे अधिकारी लिन झेशू यांनी कँटन येथे परदेशी व्यापाऱ्यांची २० हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. मुंबईच्या व्यापाऱ्यांना, आणि त्यांत जमशेटजींनाही, जबर फटका बसला. नुकसानभरपाईसाठी अनेक वर्षे वाट पाहावी लागली आणि मिळाली ती अपुरीच. जिवांविषयी इतकी कणव बाळगणाऱ्या या गृहस्थाने कँटनच्या अफूबाजांविषयी कधी विचार केला असेल काय, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडल्यावाचून राहत नाही.

व्यापारातील धक्क्यांनी त्यांचा हात मात्र आखडला नाही. रुग्णालयासाठी त्यांनी मोठी देणगी देऊ केली, सरकारने तितकीच भर घालावी असा आग्रह धरला आणि प्रदीर्घ पत्रव्यवहारानंतर ३ जानेवारी १८४३ रोजी जे. जे. रुग्णालयाची पायाभरणी झाली. दोन वर्षांनी ते रुग्णांसाठी खुले झाले. माहीम आणि वांद्रे यांच्यामधील खाडी ओलांडताना होड्या उलटून माणसे बुडत. तेथे पूल बांधण्यास सरकारने असमर्थता दर्शवली, तेव्हा आवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. वाटसरूंकडून कधीही पथकर घेतला जाऊ नये, अशी त्यांची अट होती. १८४५ मध्ये तो मार्ग खुला झाला. पुण्यात मुळा-मुठेवरील बंधारा आणि पाणीपुरवठ्याचे काम यांसाठीही जमशेटजींनी साहाय्य केले. बंडगार्डनच्या नावातील बंड म्हणजे हाच बंधारा.

१८४२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला; हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १८५७ मध्ये बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. स्वजातीय राजकारणात मात्र त्यांना एवढे यश लाभले नाही. पारशी पंचायतीत अनेक वर्षे काम करूनही तेथील मतभेद आणि श्रीमंतांना एक न्याय व गरिबांना दुसरा, या तक्रारी यांमुळे ते त्या कारभारातून बाजूला झाले. दंगलीच्या वेळी सरकारशी बोलणी यशस्वी करणाऱ्या माणसाला घरच्या पंचायतीत तडजोड घडवता येऊ नये, हे चमत्कारिक खरे, पण अशी उदाहरणे सार्वजनिक जीवनात विरळ नाहीत.

१४ एप्रिल १८५९ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, मुंबईत जमशेटजींचे निधन झाले. तोपर्यंत त्यांनी दिलेल्या देणग्यांची बेरीज २ लाख ३० हजार पौंडांच्या पुढे गेली होती. पांजरपोळावर प्रवाशांनी घेतलेल्या आक्षेपाचे उत्तर त्यांच्या पश्चात त्यांच्याच समाजातून आले. १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था सुरू झाली. १८८३ मध्ये दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. नुसता आसरा न देता उपचार करणारी ही व्यवस्था होती आणि बाई साकरबाई यांच्या नावाचे ते रुग्णालय आजही सुरू आहे. कुत्र्यांना मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करावी, हे तत्त्व देशपातळीवर नियमांत यायला २००१ साल लागले. २०२३ मध्ये त्या नियमांची जागा सुधारित नियमांनी घेतली.

भुलेश्वरचा पांजरपोळ अजून तेथेच आहे. भोवती कापडाची व दागिन्यांची दुकाने दाटली आहेत. आता आत मुख्यतः गाई असतात आणि सकाळच्या वेळी त्यांना चारा घालण्यासाठी माणसांची ये-जा सुरू असते. संस्थेच्या जागा पुढे शहराबाहेरही झाल्या. चेंबूरकडून देवनारला जाताना पांजरपोळ नावाचा थांबा लागतो. बसमधून उतरणाऱ्या बहुतेकांना त्या नावामागे १८३२ च्या जूनमधील दोन दिवसांचा बंद आणि आठ आण्यांचे बक्षीस आहे, याची कल्पना नसते.